खासदारसाहेब, मताची पट्टी दाखवा!



निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावर छापलेले एक पुस्तक घरोघर येते. पहिल्या पानावर खासदारसाहेबांचा हात जोडलेला फोटो, दुसऱ्या पानावर त्यांच्या नेत्याचा. तिसऱ्या पानावर आकडे: लोकसभेत हजेरी इतके टक्के, प्रश्न विचारले इतके, चर्चेत भाग घेतला इतक्या वेळा. त्यापुढची सगळी पाने सभामंडप, हायमास्टचे दिवे, बसथांबे आणि उद्घाटनाच्या फिती यांची. पुस्तक चाळून आपलाच एखादा कार्यकर्ता म्हणतो, "साहेब मागच्या बाकावर बसतात, फार बोलत नाहीत, पण माणूस कामाचा आहे."

या पुस्तकात एक गोष्ट कधीच नसते. गेल्या पाच वर्षांत शेतकऱ्याच्या बऱ्यावाईटाचे जे जे सभागृहापुढे आले, त्यावर साहेबांनी मत कोणत्या बाजूला टाकले, ही ती गोष्ट.

सभामंडप बांधायला खासदार लागत नाही. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला, २०११-१२ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यात खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे, आणि पैसा तुमच्याआमच्या कराचा. खासदाराला आपण दिल्लीला पाठवतो ते मत टाकायला. घटनेचे कलम १०० सांगते की सभागृहातले प्रश्न हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने सुटतात. पंतप्रधानाच्या मताचे वजन एक, आणि मागच्या बाकावरच्या खासदाराच्या मताचे वजनही एकच. त्याच्याजवळ खाते नाही, लाल दिवा नाही, कॅमेरा त्याच्याकडे वळत नाही. पण हे एक मत त्याचे आहे, आणि तेच तो आपल्यापासून लपवून ठेवतो.

पाळ्या मोजू नका, उतारा मोजा

कृषी पदवीच्या अभ्यासात पीक कापणी प्रयोग शिकवतात. शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, मळायचा, वाळवायचा आणि काट्यावर टाकायचा. शेतकऱ्याने कुळवाच्या पाळ्या किती दिल्या, निंदणीला बाया किती लावल्या, हे विचारून कोणी उतारा ठरवत नाही. खासदाराच्या बाबतीत मात्र आपण पाळ्याच मोजत बसलो आहोत.

हजेरी म्हणजे नुसती नोंद. हजेरी लावून माणूस दिवसभर कोठे होता ते नोंद सांगत नाही. प्रश्नांचे काय? लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीवर येतात आणि २३० अतारांकित. तारांकितांपैकी थोड्यांनाच तोंडी उत्तर मिळते. अतारांकितांना लेखी उत्तर येते, आणि "माहिती गोळा करण्यात येत आहे" किंवा "हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो" एवढ्यावर त्यातली पुष्कळ उत्तरे संपतात. प्रश्न उपयोगाचा असतो, नाही असे नाही. नीट विचारलेल्या प्रश्नाने सरकारच्या पोटातला आकडा बाहेर येतो. पण नुसत्या संख्येला काय किंमत आहे ते २००५ साली साऱ्या देशाने पाहिले. पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. त्या डिसेंबरात संसदेने ११ जणांना हाकलले, १० लोकसभेतले आणि १ राज्यसभेतला. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. प्रश्नांची संख्या एवढीच कसोटी लावली असती तर हेच लोक प्रगतीपुस्तकात वरच्या नंबराने पास झाले असते.

भाषणाचीही तीच कथा. लोकसभेच्या नियमांत चर्चेचे दोन दरवाजे आहेत. नियम १८४ खाली चर्चा झाली की शेवटी मतदान होते. नियम १९३ खाली चर्चा होते, मंत्री उत्तर देतात आणि सगळे घरी जातात, मतदान नाही. दुष्काळ, आत्महत्या, पडलेले भाव यांवरची चर्चा बहुतेक वेळा या १९३ च्या दरवाजाने येते. खासदार गळा काढतो, भाषणाची चित्रफीत गावोगाव फिरते, आणि सभागृह कशालाही बांधले जात नाही.

रुमालाखालची बोली

आपल्यातल्या वयस्करांना हत्ता पद्धत ऐकून तरी ठाऊक असेल. मालाच्या ढिगाशी शेतकरी उभा, आणि आडत्या व खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवणार. ज्याचा माल त्यालाच बोली कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी ही पद्धत मोडून उघड लिलाव आणला. समित्यांनी पुढे काय दिवे लावले ते तुम्हाला सांगायला नको, पण बोली उघड हवी हे तत्त्व बरोबरच होते.

संसदेत आजही रुमालाखालचीच बोली चालते. तिचे नाव आवाजी मतदान. अध्यक्ष विचारतात, बाजूचे असतील त्यांनी "होय" म्हणावे, विरोधातले असतील त्यांनी "नाही" म्हणावे. गलका होतो. अध्यक्ष सांगतात, होयवाल्यांचे बहुमत. कायदा झाला. कोण होय म्हणाले, कोण नाही म्हणाले, कोण डुलक्या घेत होते आणि कोण कँटीनमध्ये होते, याची कागदावर कसलीही नोंद राहत नाही.

शेतीच्या तीन कायद्यांचे उदाहरण घ्या. ५ जून २०२० रोजी वटहुकूम निघाले. सप्टेंबरात लोकसभेने विधेयके आवाजी मतदानाने मंजूर केली. २० सप्टेंबरला त्यातली दोन राज्यसभेत आली. विरोधी सदस्यांनी मतविभाजन मागितले. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत असे कारण देऊन उपसभापती हरिवंश यांनी ते नाकारले आणि विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे जाहीर केले. गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी ८ सदस्य निलंबित झाले. तिसरे विधेयक २२ तारखेला असेच गेले. पुढे वर्षभराहून जास्त काळ दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कायदे मागे घेण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी मंजूर केले. चर्चा नाही, आणि मतदान पुन्हा आवाजीच.

हे कायदे चांगले होते की वाईट, यावर शेतकऱ्यांत दोन तट होते आणि आहेत. बाजार खुला होतो म्हणून काहींनी स्वागत केले, हमीभावाची खरेदी बुडेल म्हणून काहींनी विरोध केला. तो वाद आज इथे उकरायचा नाही. मला दोन्ही तटांना एकच गोष्ट विचारायची आहे. कायदे हवे असणाऱ्यांनो, ते मागे घेताना तुमच्या खासदाराने "नाही" म्हटले का? कायदे नको असणाऱ्यांनो, ते करताना तुमचा खासदार "होय" म्हणाला का? शपथेवर सांगू शकता? नाही सांगू शकत. पक्ष कोणत्या बाजूला होता ते ठाऊक आहे. माणसाची नोंद नाही. म्हणूनच एकच खासदार सकाळी एका गावात कायद्यांचे श्रेय घेतो आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात कायदे मागे घेतल्याचे.

नोंद झाली की काय दिसते

नोंद होऊ शकत नाही असे मुळीच नाही. लोकसभेत मतनोंदणीचे यंत्र १९५७ पासून आहे. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मते मोजावीच लागतात. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक आले तेव्हा बाजूने १८६ आणि विरोधात १ मत पडले. ते एक मत शरद जोशींचे होते. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत महिला आरक्षणाचेच दुसरे विधेयक आले. बाजूने ४५४, विरोधात २. त्या दोघांपैकी एक, इम्तियाज जलील, आपल्या औरंगाबाद मतदारसंघाचे खासदार होते. या मतांशी तुम्ही सहमत असा, नाहीतर कडाडून विरोधात असा. या माणसांना तुम्ही जाब विचारू शकता, कारण त्यांनी काय केले ते कागदावर आहे. शेतमालाचा व्यापार, साठा आणि करार यांच्या कायद्यांवर कोणी काय केले, ते मात्र कागदावर नाही.

नोंद झाली की भाषण आणि मत यांतले अंतरही उघडे पडते. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीविरुद्धचा ठराव नियम १८४ खाली लोकसभेत आला. समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्ष या दोघांनीही गुंतवणुकीविरुद्ध भाषणे केली. मतदानाची वेळ आली तेव्हा दोघेही सभागृहातून उठून गेले. ठरावाच्या बाजूने २१८ मते पडली, विरोधात २५३. ठराव ३५ मतांनी पडला. उठून गेलेल्या दोन पक्षांचे मिळून ४३ खासदार होते. ही बेरीज पाचवीतले पोरही करील. ते बसून राहिले असते आणि बोलले तसे मत टाकले असते, तर निकाल उलटा लागला असता. तुम्ही परकीय गुंतवणुकीच्या बाजूचे असा की विरोधातले, मतविभाजन झाले म्हणूनच ही चलाखी आपल्याला दिसली. आवाजी मतदान झाले असते तर भाषणेच इतिहासात जमा झाली असती.

आणखी एक पाहा. जमीन अधिग्रहणाचा नवा कायदा २९ ऑगस्ट २०१३ रोजी लोकसभेत मंजूर झाला. बाजूने २१६, विरोधात १९. एकूण मते २३५. लोकसभेच्या निवडून द्यायच्या जागा ५४३. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर सरकारने हात कसा टाकायचा हे ठरत असताना निम्म्याहून जास्त मते कोणत्याच बाजूला पडली नाहीत. नोंद होती म्हणून एवढे तरी कळले.

इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहात कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूला मत टाकले याच्या याद्या १८३६ पासून अधिकृतपणे छापल्या जातात. १८४६ साली परदेशी धान्यावरचा कर उठवण्याचे विधेयक तिसऱ्या वाचनाला ३२७ विरुद्ध २२९ मतांनी मंजूर झाले. पंतप्रधान पील यांच्या स्वतःच्याच पक्षातल्या बहुसंख्य सदस्यांनी त्यांच्याविरुद्ध मत टाकले. पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी धान्याच्या प्रश्नावर कोण कोठे उभा होता हे आजही नावानिशी सांगता येते. आपल्याला २०२० सालचे सांगता येत नाही.

"व्हिप होता हो, मी काय करणार?"

आता साहेब म्हणतील, पक्षाचा व्हिप असतो, आमचे हात बांधलेले असतात. यात तथ्य आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत टाकले, किंवा मतदान टाळले, तर सदस्यत्व जाऊ शकते. घोडेबाजार थांबवायला आणलेल्या कायद्याने घोडा तर थांबला नाहीच, खासदाराच्या तोंडाला मुसके मात्र बसले. हा कायदा बदलला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. १९९२ साली किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण सदस्यत्व घालवणारा आदेश सरकारवरच्या विश्वासाच्या मतापुरता आणि ज्या धोरणावर पक्षाने मते मागितली त्या प्रश्नांपुरता असावा, असेही सांगितले. पक्षांनी ते कानाआड केले आणि उठसूट व्हिप काढायला सुरुवात केली.

पण साहेब, हे मुसके तुम्ही म्हणता तेवढे घट्ट नाही. दहाव्या परिशिष्टातले कलम मताबद्दल बोलते, विधेयकाला दुरुस्ती सुचवण्याबद्दल नाही, प्रश्न विचारण्याबद्दल नाही. मतविभाजन मागण्यावर त्यात बंदी नाही. आधी परवानगी मागून वेगळे मत टाकायची सोय त्याच कलमात आहे, आणि १५ दिवसांत पक्षाने माफ केले तर सदस्यत्व जात नाही. तुम्ही परवानगी कधी मागितलीत? पत्र दाखवा. आणि व्हिप पाळून "होय" म्हणालात, तर तसे गावात येऊन सांगा. "पक्षाने सांगितले म्हणून मी तुमच्या विरोधात मत टाकले," एवढे एक वाक्य बोलायला कोणता कायदा आडवा येतो?

मतविभाजन मागणे हे काही मोठे दिव्य नाही. लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे अध्यक्षांच्या निर्णयाला हरकत घेतली की बाहेरच्या लॉबी मोकळ्या करतात, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मताला टाकतात, आणि पुन्हा हरकत आली की मतविभाजन. मागणी अनाठायी वाटली तर अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभे करून मोजतात आणि नावे नोंदवत नाहीत, ही पळवाट नियमातच आहे. तरीही मागणी झाली होती आणि अध्यक्षांनी ती नाकारली, हे इतिवृत्तात राहते. मागितलेच नाही, तर काहीच राहत नाही. कोणी म्हणेल, प्रत्येक कलमावर मतविभाजन घेतले तर संसद चालणार कशी? प्रत्येक कलमावर मागा असे आम्ही म्हणतच नाही. शेतजमीन, शेतमालाचा बाजार, बियाणे, पाणी, वीज, कर्ज आणि आयात-निर्यात यांच्या विधेयकांवर मागा. वर्षाकाठी अशी किती विधेयके येतात?

मागच्या बाकावरून करता येते ते

काहीच करता येत नाही हे खोटे आहे. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांसाठी अडीच तास राखलेले असतात. राजू शेट्टी यांनी २०१८ साली कर्जमुक्तीचे आणि हमीभावाच्या हक्काचे अशी दोन विधेयके लोकसभेत मांडली. त्यांतली तरतूद पटो न पटो, एका माणसाने आपले म्हणणे कायद्याच्या भाषेत सभागृहापुढे ठेवले. विधेयके मताला आलीच नाहीत, आणि २०१९ साली लोकसभेची मुदत संपली तेव्हा तीही गेली. १९५२ पासून आजवर फक्त १४ खासगी विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० साली. म्हणजे हे रान खडकाळ आहे, हे मान्य. पण पेरणीच न करणाऱ्याने खडकाचे कारण सांगू नये.

अर्थसंकल्पाचे पाहा. खात्यांच्या मागण्यांवर चर्चा करायला दिलेले दिवस संपले की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ साली लोकसभेत एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा झाली नाही. शेतीखातेही त्यातच कापले गेले. त्या दिवशी तुमचा खासदार काय म्हणाला?

जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ सालचा. त्याच्या कलम ३ खाली निघणारा केंद्राचा प्रत्येक आदेश दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. २ जून २०२३ रोजी तूर आणि उडदावर साठामर्यादा घातली तो आदेश याच कायद्याखालचा. आदेश टेबलावर येतो, कागदाच्या ढिगात जातो. व्यापाऱ्याने खरेदीचा हात आखडला की भाव कोणाचा पडतो हे आपल्या खासदाराला ठाऊक नाही असे समजायचे का? तो ढिगातला कागद उचलून त्यावर उभे राहायला मंत्रिपद लागत नाही.

आता आपण काय करायचे

या जिल्हा मेळाव्यापुढे मी साधा प्रस्ताव ठेवतो. माल घातला की आडत्याकडून आपण हिशोबपट्टी घेतो. वजन किती, भाव किती, हमाली-तोलाई किती, हातात काय आले. पट्टीशिवाय आडत्या पैसे मोजू लागला तर आपण त्याच्याकडे पुन्हा माल घालत नाही. खासदाराकडूनही पट्टी घ्यायची.

संसदेची अधिवेशने वर्षाला तीन: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर महिन्याच्या आत खासदाराने सहीनिशी एक कागद द्यावा. त्यावर चार गोष्टी असाव्यात.

एक, शेतीशी संबंध असलेले प्रत्येक विधेयक आणि ठराव, आणि त्यावर माझे मत: होय, नाही, तटस्थ किंवा गैरहजर. मतदान आवाजी झाले असेल तरी.

दोन, यांपैकी कशावर मी मतविभाजन मागितले आणि काय झाले.

तीन, व्हिप होता का, आणि वेगळे मत टाकायची परवानगी मी मागितली का.

चार, शेतमालाच्या साठ्यावर आणि निर्यातीवर बंधने घालणारे कोणते आदेश निघाले आणि त्यांवर मी काय केले.

यातले काही सरकारला विचारायचे नाही, नवा कायदा करायचा नाही, कोणाची परवानगी लागत नाही. खासदार खरे बोलायला तयार आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी दोघातिघांनी जाऊन हा कागद मागावा. दिला तर तो गावच्या चावडीवर आणि बाजार समितीच्या फळ्यावर लावावा, मग साहेब कोणत्याही पक्षाचे असोत. नाही दिला तर "मागितला, दिला नाही" एवढेच लिहून तो कोरा कागद लावावा. उद्या आमदारांकडेही हाच कागद मागायचा आहे.

आणि पुढच्या निवडणुकीत गुळगुळीत पुस्तक घेऊन कोणी दारात आले, तर सभामंडपाचे पान उघडूही देऊ नका. एकच विचारा: साहेब, पट्टी कोठे आहे?